काखेतल्या वहाणा

आबाजी, आज दुपारी जेवताना तुमची आठवण आली आणि घास तोंडातच राहिला. मी आता कोहक्यात राहतो. तुमची गाय जिथं गेली होती, त्याच कोहक्यात. तेव्हा ते मातीच्या घरांचं गाव होतं. आता घराला घर लागलेलं, शेत शोधून सापडायचं नाही. गच्चीवरून भिलाईच्या पोलाद प्लांटच्या चिमण्या दिसतात. त्यांच्याकडे पाहत बसलो की वय गळून पडतं, आणि मी पुन्हा तुमचा तो नुकता मॅट्रिक झालेला नातू होतो, खिशात कंगवा आणि डोक्यात शाळेच्या पुस्तकातल्या कविता घेऊन हिंडणारा.

बाबांना प्लांटच्या नोकरीत सेक्टर सहात क्वार्टर मिळालं आणि त्यांनी गावाहून तुम्हा दोघांना बोलावून घेतलं. आजी रेल्वेनं आली. तुम्ही म्हणालात, गाय रेल्वेत बसत नाही तर मीही बसत नाही, आणि गोंदियाकडून तिच्या सोबतीनं मजल दरमजल चालत आलात. चहूकडे नवं लोखंड उभं राहत होतं, ट्रकांच्या मागे लाल धूळ उठत होती, आणि आमच्या मागच्या अंगणात शेणाचा ओला वास. दूध काढायला बसलात की मला हाक यायची, "ये रे, म्हण तुही कविता. तिले चाल आवडते, पान्हा लवकर सोडते." मी नदीच्या, चांदण्याच्या कविता म्हणायचो, गाय कान हलवायची. तसा श्रोता मला जन्मात पुन्हा मिळाला नाही.

तुम्ही आणि आजी एकमेकांशी थेट बोलत नव्हता. दुसऱ्यांदेखत नवराबायकोनं समोरासमोर बोलायचं नाही, ही गावाकडची रीत. तुमच्या मधे निरोप्या लागायचाच, मग दोघं हातभर अंतरावर का बसलेले असेनात. तुम्ही ताटावरून म्हणायचात, "सांग तुह्या आजीले, वरणात मीठ हाय का प्लांटातली राख?" मी तोंड उघडायच्या आत चुलीपासून उत्तर, "सांग त्यायले, जिभेवर राख बसली असन तर मिठानं काय करावं?" तुम्ही मिशीत हसायचात. मला मात्र वाटायचं, हा कसला संसार! माझ्या कवितांतली माणसं एकमेकांना चंद्र म्हणत होती, आणि इथं आयुष्यभर मिठावरच गाडी अडलेली.

कॉलनीचा माणूस पहिल्यांदा सांगायला आला, की क्वार्टरात जनावर चालणार नाही, तेव्हा तुम्ही त्याला हसून परत पाठवलंत, "इतक्या लोखंडाले जागा हाय, एका गाईले नाही?" दुसऱ्यांदा आला तेव्हा तुम्ही नाल्याकडे गवताला गेला होता. तो म्हणाला, "माताजी, अब की बार दिखी तो क्वार्टर जाएगा." आजी बराच वेळ दारात उभी राहिली. मग तिनं कोहक्याच्या राऊताला, म्हणजे तिथल्या गुराख्याला बोलावलं, त्याची खिल्लारं रोज आमच्या दारावरूनच जायची. गाईच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, दावं त्याच्या हातात दिलं आणि पाठ फिरवली.

तुम्ही डोक्यावर भारा घेऊन आलात. रिकामा खुंटा पाहिलात. आजी आतूनच बोलली, "सांग त्यायले, गाय म्या राऊताले देल्ली. पोराचं क्वार्टर जात होतं." मी तुमच्याकडे पाहत राहिलो. तुम्ही भारा उतरवलात, हात झटकलेत, आणि "सांग तुह्या आजीले" म्हणालाच नाहीत. त्या दिवसापासून ते शब्द घरातून गेले. बाबा समजावून थकले. आजीनं एकदा वरणात मूठभर मीठ टाकलं, मुद्दाम, माझ्यादेखत. तेवढ्यावर तरी तुम्ही काही बोलाल, अशी तिची आशा. तुम्ही ते खारट वरण शेवटच्या थेंबापर्यंत खाल्लंत, ताटात हात धुतलात आणि उठलात. आजी ताटाकडे बघत बसली. तिच्या चेहऱ्यावर मी तशी भीती कधीच पाहिली नव्हती.

मग एका भर दुपारी तुम्ही धोतरात कपडे बांधलेत आणि निघालात. आजीनं चुलीवरचा तवा तसाच टाकला आणि मागे आली. मी सायकल ढकलत बाजूनं. तुम्ही पुढे, आजी मागे. पाहणाऱ्याला वाटलं असेल, म्हातारा-म्हातारी सुपेल्याला बाजाराला निघाली आहेत. रस्त्याकडेची झाडं तेव्हा गुडघ्याएवढी, सावली कुठंच नाही. तुम्ही एकदाही वळून पाहिलं नाही. सुपेल्याचं रेल्वे फाटक पडत असतानाच तुम्ही वाकून पलीकडे गेलात आणि मालगाडी मधे आली.

काय लांब गाडी होती ती, आबाजी! डब्यांच्या फटींतून तुमचं पांढरं धोतर दिसायचं, नाहीसं व्हायचं. पलीकडे बसचा कंडक्टर "दुरुग, दुरुग" ओरडत होता. दुर्गहून गोंदियाची गाडी, आणि मग तुम्ही परत येणार नव्हता, हे आम्हा दोघांना कळत होतं. आणि आजीनं, जिचा आवाज शेजारणीला ऐकू जात नसे, फाटकाला दोन्ही हातांनी धरून हाक मारली. मला मधे न घेता. "अवो, ऐकता का! गाय म्या देल्ली. शिव्या द्या, माराले या, पण बोला माह्याशी! बोला!" फाटकावरचे सायकलवाले वळून पाहू लागले. ती पाहू देत होती.

शेवटचा डबा गेला. बसही गेलेली. तुम्ही गिट्टीच्या कडेला गाठोडं पायाशी ठेवून उभे. फाटक उघडलं, आम्ही जवळ आलो. तुम्ही आजीकडे न पाहता मला म्हणालात, "सांग तुह्या आजीले, बिनचपलेची कावून आली? रस्ता किती तापून राहिला."

वळून पाहिलं नव्हतं ना तुम्ही? मग तुम्हाला कळलं कसं, हे मला आजवर उमगलेलं नाही.

आजीनं पदरानं तोंड पुसलं. "सांग त्यायले, घालाले सवड कोठं देल्ली?" तुम्ही पायातल्या वहाणा काढल्यात आणि पायानंच तिच्याकडे सरकवल्यात. नवऱ्याच्या वहाणेत पाय घालील तर ती आजी कसली! तिनं त्या उचलल्या आणि काखेत धरल्या. तुम्हीही परत मागितल्या नाहीत. मग तुम्ही दोघं सेक्टर सहापर्यंत अनवाणी चालत आलात, पाय उचलत, चटके सोसत, आणि चांगली वहाणांची जोडी आजीच्या काखेत. मी गाठोडं सायकलवर घेऊन मागून. पुढं रोज संध्याकाळी तुम्ही कोहक्याला गाय पाहायला जायचात आणि गाईची पोळी आजी माझ्या हाती द्यायची, "दे त्यायले."

हे सगळं आज कशासाठी, तर ऐका. थोरला मुलगा आम्हा दोघांना पुण्याला बोलावतो आहे. तुमची नातसून जायचं म्हणते, मी म्हणतो मेलो तरी भिलाई सोडणार नाही. परवा मी जरा जास्तच बोललो. तेव्हापासून घरात अबोला आहे, आणि कोपऱ्यात तिची एकटीची बॅग भरून ठेवलेली. आज वरण खारट होतं. ती इतकी वर्षं आजीच्या हाताखाली होती. तिला आजीनं काही सांगितलं होतं, की हात चुकला? विचारायची हिंमत झाली नाही. मुकाट्यानं खाल्लं आणि आत येऊन तुम्हाला लिहायला बसलो.

हा कागद कुठं जायचा नाही, चष्म्याच्या डबीखाली ठेवतो. भिंतीपलीकडे ती भांडी लावते आहे, आवाज येतो. मला आजही शाळेच्या कविता पाठ आहेत, एकही ओळ विसरलो नाही. पण खरं सांगू का आबाजी, मी नातीची, इथं आमच्याजवळ राहणाऱ्या धाकट्याच्या लेकीची, शाळा सुटायची वाट पाहतो आहे. ती आली की तिला म्हणेन, "जा, सांग तुह्या आजीले, वरणात मीठ जास्त होतं."