टिटवाळ्याच्या कॉम्प्युटरवरचा हार

वर्तकनगर, ठाणे

प्रिय प्रितम,

'प्रिय' लिहिलंय ते पत्रात लिहितात म्हणून. आत्ता समोर असतास तर दुसरंच काहीतरी ऐकलं असतंस. सोळा फोन केले, एक उचलला नाहीस. मेसेज वाचतोस, निळ्या खुणा दिसतात, उत्तर मात्र नाही. म्हणून हे कागदावर. कागद काही ब्लॉक करता येत नाही.

आधी बातमी. मला टीम लीड केलंय. वागळे इस्टेटच्या त्याच ऑफिसात, तुझ्याच खुर्चीत बसते मी आता. कल्पिता मॅडमनी सगळ्यांसमोर गुच्छ दिला, म्हणाल्या, संचिताने तीस शाखा वाचवल्या. लोक टाळ्या वाजवत होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालेलं. ज्या घराला मी काडी लावली तेच विझवल्याबद्दल माझा सत्कार. आणि हे सगळं तुझ्यामुळे.

तुला माहीत आहे काय झालेलं, पण मी पुन्हा लिहिणार आहे, कारण तू ते इतक्या सफाईने बदलून टाकलंस की कधीकधी मलाच शंका येते. लॅबच्या एकतीस शाखांचे कॉम्प्युटर आपण ठाण्यात बसून सांभाळतो. आपल्या सॉफ्टवेअरमधून शाखा उघडायची, इथे माउस हलवला की तिथे हलतो, शाखांचे रिपोर्टही त्यातूनच जातात. नवीन अपडेट आलं की आधी एकट्या टिटवाळ्याला द्यायचं, एक दिवस बघायचं, मग बाकीच्यांना. हा नियम तूच घालून दिलेलास. खंडेनवमीच्या दुपारी मी टिटवाळ्याला अपडेट लावलं. तू डोंबिवलीच्या शाखेत प्रिंटर बघायला गेलेलास. संध्याकाळी बघितलं तर टिटवाळ्यासमोर बिघाडाची लाल खूण नाही. दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी, घरी फुलं न्यायची होती, तोरण व्हायचं होतं. मी म्हटलं लाल नाही म्हणजे झालं, आणि उरलेल्या तीसही शाखांना सोडून दिलं. मी. या हातांनी.

लाल खूण नव्हती कारण मशीनच बंद होतं. तिथल्या मीराबाईंनी दुपारी शेवटचा पेशंट गेल्यावर कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, हळद-कुंकू लावून झेंडूचा हार घातला. बाकीच्या शाखांत चालू मशीनवर फूल ठेवून भागवतात, पण मीराबाईंचं तसं नाही. पूजेला बसवलेल्या हत्याराला काम लावायचं नाही म्हणजे नाही. बाईंचं काही चुकलं नाही. अपडेट नीट लागल्याची हिरवी खूण आली का, हे बघायचं काम माझं होतं.

दसऱ्यानंतरची सकाळ आठव. तीस शाखा गायब, एकही उघडेना. बरं, दुरुस्ती करायची ती ज्या सॉफ्टवेअरने, तेच बंद पडलेलं. किल्ली आत ठेवून कडी ओढून घ्यावी तशी गत. फोनवरून एकेकाला सांगत होतो, हे दाबा, ते दाबा, आणि पलीकडे कुणाला डावं-उजवं कळेना. कल्याणला लोक रिपोर्टसाठी काउंटरवर हात आपटत होते. एका बाईचं ऑपरेशन रिपोर्टपायी पुढे ढकललं. ते ऐकल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तू बाहेर दाराशी उभा होतास, मला माहीत आहे.

मग मीराबाईंचा फोन आला, की ताई, मशीन लावू का, अजून हार उतरवला नाही. तेव्हा माझी ट्यूब पेटली. म्हटलं दहा मिनिटं थांबा. टिटवाळ्याचं अडकलेलं अपडेट आधी रद्द केलं, मग बाईंना हार उतरवायला सांगितलं. त्यांनी नमस्कार करून, अक्षता टाकून, सावकाश चालू केलं आणि ती एकच शाखा आपल्याकडे उघडली. त्या मशीनच्या आणि इथल्या वागळे शाखेतल्या बिघडलेल्या मशीनच्या सेटिंग्ज शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघितल्या. एवढंच निघालं, की आपलं सॉफ्टवेअर मशीनबरोबर आपोआप सुरू व्हायचं, ते अपडेटने बंद करून टाकलेलं. मग चार दिवस रिक्षा आणि पायपीट. एकेका शाखेत जाऊन दोन मिनिटांचं काम.

पाचव्या दिवशी आले तर तुझं टेबल रिकामं. 'अपडेट मी सोडलं' असं स्वतःच्या नावावर लिहून देऊन तू राजीनामा टाकलास. टीमचा लॉगिन एकच, त्यामुळे कुणी सोडलं ते कुठेच नोंदलेलं नाही, हे तुला बरोबर माहीत होतं. मी तशीच मॅडमकडे गेले, सगळं खरं सांगितलं. त्या मायेने हसल्या आणि तुझं पत्र पुढे केलं. "संचिता स्वतःवर घ्यायला येईल, तिचा स्वभावच तसा आहे, कृपया ऐकू नये." अरे, काय माणूस आहेस! माझं खरं बोलणंसुद्धा तू आधीच खोटं पाडून ठेवलंस?

बाबा गेल्यापासून घर माझ्या पगारावर चालतं, दीप्तीचं कॉलेज आहे, म्हणून तू हे केलंस. कळतं रे मला. पण मला विचारलंस? नोकरी गेली असती तर दुसरी शोधली असती, दोन महिने आमटी-भातावर काढले असते. परवा कल्याणच्या भाजी मार्केटात तुझी आई, सगुणाकाकू, भेटल्या. म्हणाल्या, प्रितमच्या तीन ठिकाणी मुलाखती छान झाल्या, पण त्यांनी जुन्या ऑफिसला फोन केला की पुढे काही हालत नाही. माझ्याच पिशवीत चार कणसं टाकून, बारीक झालीस गं, म्हणाल्या. त्यांच्या तोंडाकडे बघवेना मला.

गणपतीत तू मला लग्नाचं विचारलेलंस आणि मी दसऱ्यानंतर सांगते म्हणाले. उत्तर तेव्हाच तयार होतं, उगाच भाव खात होते. आता तेच उत्तर दिलं तर तुला जन्मभर वाटेल हिने उपकार फेडले, आणि घरात भांडण झालं की मलाही तेच वाटेल. असल्या ओझ्याखाली मी तुझ्या घरात पाऊल टाकणार नाही. म्हणून हे पत्र. सोबत कोरा कागद आणि मॅडमच्या नावाचं पाकीट ठेवलंय. दोन ओळी खऱ्या लिही, सही कर, पोस्टात टाक. माझी चूक आहे, ती माझ्या नावावर राहू दे. मग घरी ये. 'हो' मला तुझ्या तोंडावर म्हणायचंय.

अजून रागातच, पण तुझीच,
संचिता