माडभाटची विहीर सहा हात बुजवून मिळण्याबाबत

प्रति,
मा. विस्तार अधिकारी साहेब (आरोग्य व पाणी),
गट कचेरी, बंदर सांबरी,
जिल्हा रत्नागिरी.

अर्जदार: बाबू पांडू तारी, वय ६३, धंदा पूर्वी गलबतावर तांडेल, हल्ली आपणांस अर्ज लिहिणे; राहणार मौजे माडभाट.

विषय: आपण खोल केलेली सार्वजनिक विहीर बुजवून, आपला हात लागण्यापूर्वी होती तेवढीच करून मिळण्याबाबत.

संदर्भ: १) आपले पत्रक, "भरपूर पाणी प्या, निरोगी राहा". २) माझे यापूर्वीचे अर्ज, तीन. ३) आपले उत्तर, एक, दि. २१ एप्रिल १९६४.

महोदय,

१. गेल्या दिवाळीनंतर आपण आमच्या शाळेत येऊन पाण्यावर दीड तास भाषण केलेत. भिंतीवर मूत्रपिंडांचे रंगीत चित्र लावलेत. माणसाने दिवसाला आठ पेले पाणी प्यावे, न प्याल्यास मूतखडा होतो, लघवीला आग होते, डोके दुखते, शौचास साफ होत नाही, हे छडीने दाखवून सांगितलेत. यातल्या एकाही शब्दाशी माझे भांडण नाही. मी एकवीस वर्षे गलबत चालवले आहे. वारा पडला आणि पिंपातले पाणी मोजून द्यावे लागले की तिसऱ्या दिवशी खलाशाची जीभ जड होते, पायांत गोळे येतात आणि धडधाकट माणूस दोर ओढता ओढता खाली बसतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पाण्याचे महत्त्व मला कळायला चित्राची गरज नव्हती. माझे भांडण भाषणानंतर जे झाले त्याच्याशी आहे.

२. माडभाट ही समुद्र आणि खाडी यांच्यामधली वाळूची पट्टी आहे, हे आपल्या नकाशात असेलच. इथे गोडे पाणी खाऱ्या पाण्याच्या वर असते, दुधावर साय असते तसे. म्हणून आमच्या विहिरीला रीत होती. दोर नऊ हातांचाच, जास्त लांब दोर कोणी आणला तर बायका तो विहिरीवरच कापून टाकीत. दुपारी सूर्य डोक्यावर आला की उपसा बंद, तो ऊन उतरेपर्यंत. तेवढ्यात गोडे पाणी पुन्हा वर साठते, म्हणून त्या वेळात विहीर निजते असे आम्ही म्हणतो. आपल्या ओव्हरसियरांना हे सांगितले तेव्हा ते हसले. विहीर निजते तर घोरते का, असेही त्यांनी विचारले. आम्ही पाहुणा समजून गप्प बसलो, ती आमची चूक.

३. विहीर खोल करा अशी मागणी गावाचीच होती व तिच्यावर पहिली सही माझीच आहे, असे आपण उत्तरात लिहिले आहे. ते खरे आहे. मी ती सही का केली तेही आता कागदावर येऊ द्या. माझी बायको यशोदा हिला मूतखडा आहे. कळ येते तेव्हा ती दाराची चौकट धरून उभी राहते आणि तिच्या तोंडातून शब्द फुटत नाही. मालवणच्या डॉक्टरांनी तिला रोज सहा मोठे तांबे पाणी प्यायला सांगितले आहे, खडा त्यानेच उतरेल म्हणाले. विहिरीच्या रीतीत सगळ्यांना पुरेल एवढे पाणी होते, पण मनमुराद नव्हते. त्यात आपण माणशी आठ पेल्यांचा हिशेब फळ्यावर मांडलात आणि कागद पुढे केलात. वाळूतली विहीर खोल करू नये हे मला त्या खोलीत सगळ्यांपेक्षा चांगले ठाऊक होते. तरी बायकोसाठी मला मोह झाला. त्याची शरम मला आहे. आपल्याला कशाची आहे ते कळवावे.

४. फेब्रुवारीत काम झाले. इंजिन लावून चार दिवस रात्रंदिवस पाणी उपसले, सहा हात खाली गेले, आत सिमेंटच्या कड्या बसवल्या, वर दगडात आपले "भरपूर पाणी प्या" कोरून लावले. पाणी भरपूर आले. शिमग्याच्या आधी ते मचूळ झाले आणि शिमग्यानंतर खारट. आता त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि म्हैस तोंड लावून मागे सरते.

५. माझ्या दुसऱ्या अर्जावरून आपले तपासनीस आले. त्यांनी टेप सोडून खोली मोजली, पाण्याची उंची मोजली आणि वहीत "पाणी मुबलक" असा शेरा मारला. मी त्यांच्यापुढे त्याच पाण्याचा पेला धरला. त्यांनी तो बघितला आणि शहाळे मिळेल का म्हणून विचारले. दोन शहाळी पिऊन ते गेले. चव घेण्याचा रकाना तक्त्यात नाही, असे जाताना म्हणाले.

६. तिसऱ्या अर्जाला आपले उत्तर आले. विहिरीची खोली वाढवण्यास तरतूद आहे, कमी करण्यास नाही, आणि काम पूर्णत्वाचा दाखला निघाल्यामुळे विहीर आपल्या दप्तरी उत्तम स्थितीत आहे, असे त्यात आहे. साहेब, दप्तर पिता येत नाही. त्या उत्तरासोबत आपण पत्रकाच्या आणखी पंचवीस प्रती वाटपासाठी पाठवल्यात. त्या वाटल्या नाहीत. वाचून दाखवायची माझी हिंमत झाली नाही, लोकांनी मला मारले असते.

७. सध्या आम्ही होडीने खाडीपलीकडे जातो. तिथे कातळावर जासिंतबाय डिसोजा हिची विहीर आहे. ती दर घराला दिवसाला एक कळशी देते आणि आमचा एक पैसा घेत नाही. तिच्याही विहिरीचा तळ आता दिसतो. परवा ती म्हणाली, "घेवा, पण माझी बांव आटली तर मगे तुमी खंय जातलास?" मग आम्ही कुठे जायचे, याचे उत्तर आपल्या खात्याने द्यावे. त्या एका कळशीत आमच्या घरची पाच माणसे आहेत. यशोदा सहा तांबे पाणी पिते असे मी समजत होतो. गेल्या गुरुवारी मला कळले की ती दीड तांब्यावर असते आणि उरलेले माझ्या व नातवंडांच्या भांड्यात ओतते. विचारले तर म्हणाली, "माका तान नाय. तुमी पिया." चाळीस वर्षांच्या संसारात ही बाई माझ्याशी खोटे बोलली नव्हती. त्याच दिवशी संध्याकाळी तिला कळ आली आणि मी चौकटीपाशी नुसता उभा होतो. मला त्या वेळी तुमचा इतका राग आला की तो या अर्जात लिहिता येत नाही.

८. म्हणून शेवटचे कळवतो. पावसाला महिना उरला आहे. पावसापूर्वी विहीर सहा हात भरली गेली तर आभाळाचे पाणी वर साठून दसऱ्यापर्यंत ती पुन्हा गोड्या पाण्याची होईल. नाही भरली तर आणखी एक वर्ष गेले, आणि यशोदाजवळ ते वर्ष आहे की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. आपली तरतूद येण्याची वाट आम्ही बघणार नाही. सोमवार, दि. १८ मे रोजी सकाळपासून माडभाटचे प्रत्येक घर चिकणमाती व वाळूच्या पाट्या आणून विहिरीत टाकेल.

सरकारी विहिरीची नासधूस हा गुन्हा आहे, असे आपले कारकून बजावून गेले आहेत. तो गुन्हा गावाने केलेला नसून मी एकट्याने केला आहे, असे याद्वारे लिहून देतो. पोलीस पाठवावेत, मी घरीच असेन. मात्र पकडताना यशोदालाही पकडावे ही विनंती. तीही दोन पाट्या टाकणार आहे, त्यामुळे कायद्याची अडचण येऊ नये. तुरुंगात गोडे पाणी असते व ते कैद्याला रोज द्यावेच लागते, असे ऐकतो. मला कमी दिले तरी चालेल, माझी सवय गलबतावरची आहे. माझ्या वाट्याचे तिला द्यावे, आणि ती पिते की नाही हे कोणीतरी समोर बसून पाहावे.

आपला, आजपर्यंत नम्र,
बाबू पांडू तारी
मौजे माडभाट, दि. ११ मे १९६४

सोबत:
१) आपली पत्रके, पंचवीस, न वापरलेली.
२) विहिरीच्या पाण्याची बाटली, बूच लाखेने बंद. साहेबांनी स्वतः प्यावी, शिपायाला देऊ नये.
३) यशोदाची डॉक्टरी चिठ्ठी. ही परत पाठवावी, औषधाला लागते.