रविवारपर्यंत आरसा

सोमवार, ४ मार्च
दादाचा निरोप आला. अर्थात बायकोकडे. येत्या रविवारी वडिलांची मोटारसायकल घेऊन जाणार म्हणे. तीन वर्षं तो माझ्याशी बोलत नाही. समोरासमोर बसलो तरी तिला म्हणतो, त्याला सांग, पंखा कमी कर. कारण एवढंच, की माझ्याकडे सोपवलेली गाडी जरा पावसात राहिली आणि इंजिनाच्या ॲल्युमिनियमवर पांढरी पुटं चढली. पावसाला मी काय करणार?
गाडी गेली की दादाला या घरी यायचं कारणच उरत नाही.
संकल्प: रविवारपर्यंत इंजिनाची दोन्ही कव्हरं हाताने घासून आरसा करायची. बघितल्यावर तो गाडी नेणार नाही. बोलेलही.

मंगळवार, ५ मार्च
उजवं कव्हर काढलं. आतलं, तेल अडवणारं पॅकिंग फाटलं. फाटणारच होतं ते.
कोपऱ्यावरचा मेकॅनिक डोकावला. म्हणाला, काका, माझ्याकडे मशीनवर टाका, अर्ध्या तासात चकाचक. मी म्हटलं, या कामाला भक्ती लागते. तो म्हणाला, लागू दे की, पण आधी इंजिनातलं तेल काढायचं असतं.
तोवर ते अंगणभर झालं होतं.

बुधवार, ६ मार्च
पुटं हटेनात. मोरी तुंबल्यावर टाकतात ती पावडर बादलीत कालवली आणि कव्हर बुडवलं. पाच मिनिटंच ठेवणार होतो. तेवढ्यात जप उरकू म्हणून बसलो. आज मन फार छान लागलं. उठलो तेव्हा बादली खदखदत होती आणि कव्हर तव्यासारखं काळं. बायको म्हणाली, अहो, आधी बरं होतं की हो हे!
मी देवाचंच करत होतो. तेवढा वेळ देवाने बादलीकडे बघायला हरकत नव्हती.

गुरुवार, ७ मार्च
कामावर पोटदुखी कळवली. जाड पॉलिश पेपरने काळं काढलं. मेकॅनिकने बजावलं होतं: जाड, मग मध्यम, मग बारीक, आधीच्या पेपरचे ओरखडे गेल्याशिवाय पुढचा घ्यायचा नाही. एवढ्या पायऱ्या कशाला? जाडावरून थेट पॉलिशवर उडी मारली. देवाच्या एका नामाला कव्हरावर एक हात. झळाळलं! उन्हात धरलं, तर मांजराने बोचकारल्यासारखे ओरखडे. तेही झळाळत होते.
पुन्हा जाडापासून सुरुवात.

शुक्रवार, ८ मार्च
बोटांची सालं गेली. घास धरवेना, चमच्याने जेवलो. बायको म्हणाली, भावोजींना फोन करा आणि माझं चुकलं म्हणा, एका वाक्याचं काम. मी म्हटलं, त्यापेक्षा हे सोपं आहे.
यावर ती उठून भांडी घासायला गेली. पटलं असावं.

शनिवार, ९ मार्च
एक कव्हर झालं. खरोखर झालं! समोर धरून दाढी करता येईल. दुसऱ्याला वेळ नाही, म्हणून गाडीची डावी बाजू भिंतीला टेकवून लावली. पॅकिंग बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं कापलं. फार सुबक आलं. कव्हर बसवून नवीन तेल भरलं. बायकोने विचारलं, भावोजींनी गाडी पुढे ओढली तर? म्हटलं, माणसाने श्रद्धा ठेवावी.
पण जप करताना दोनदा चुकलो.

रविवार, १० मार्च
दादा आला. चप्पल काढता काढता बायकोला म्हणाला, त्याला सांग, किल्ली आण. मी तिला म्हटलं, दादाला सांग, आधी कव्हर बघ.
त्याने बघितलं. बराच वेळ खाली वाकून बघत राहिला. माझे डोळे भरून आले. मग कळलं, तो कव्हर बघत नव्हता, कव्हरातून गळणारं तेल बघत होता. पुठ्ठा भिजून त्याचा लगदा झाला होता.
मी फडकं घेऊन धावलो. पुसावं तेवढं येत होतं. हाताच्या जखमांना तेल झोंबत होतं. देवाचं नाव आणि दादाची माफी एकदमच तोंडाशी आली, आणि दोन्ही अडकली. बायको दारात उभी होती. तिला काय सांगायचं, हे आज दादालाही सुचेना. त्याने बाह्या सारल्या, माझ्या शेजारी उकिडवा बसला आणि फडकं ओढून घेतलं.
सरक, म्हणाला.
मला म्हणाला.
सरकलो.