सव्वा तासावरची स्वराली

३ फेब्रुवारी
गुगलवर पाहिलं. संभाजीनगर ते हैदराबाद, हवाई अंतर साधारण सव्वाचारशे किलोमीटर. विमानानं सव्वा तास. म्हणजे स्वराली नोकरीला लांब गेली हे लोकांचं म्हणणं चूक. सिल्लोडला मामाकडं जायला यापेक्षा जास्त वेळ लागतो.
ती गारखेड्यात होती तेव्हा आमच्या पुंडलिकनगरातून चालत सात मिनिटं. दोन वर्षांत काही बोललो नाय. घाई करण्यात अर्थ नव्हता.

६ फेब्रुवारी
लांबलचक मेसेज केला. तिनं अंगठा पाठवला. कामात असेल.
अप्पा म्हणाले, इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून आठ महिने झाले, आता ही आकडेमोड कुठल्या परीक्षेची? एचओडीशी भांडलो ते तत्त्वासाठी. अप्पांना तत्त्व कळत नाही. ताट सरकवून उठलो. नंतर लई भूक लागली.

९ फेब्रुवारी
उद्याचं तिकीट काढलं. जायचं आणि तिला स्पष्ट विचारायचं. परतीचं काढलं नाही, ती थांबवेलच. संकल्प: कुणावर चिडायचं नाही.
श्रेया दोनदा म्हणाली, दादा, स्वरालीचं एक सांगायचंय तुला. म्हटलं, तिचं मला बहिणीकडून कळायची वेळ आली नाय अजून. रडवेली झाली. संकल्प उद्यापासून.

१० फेब्रुवारी, सकाळी ९
चिकलठाणा विमानतळ. परफ्युमची मोठी बाटली काढून घेतली म्हणून सिक्युरिटीवाल्याशी वाजलं. संकल्प विमानात बसल्यापासून.
हैदराबादहून आलेलं विमानच परत जाणार आहे. काचेतून उतरणारी माणसं दिसली. त्यात एक पोरगी थेट स्वरालीसारखी. बॅगही तसलीच, पिवळी. प्रेमात असे भास होतात.

दुपारी २
विमान खरंच सव्वा तासात पोचलं. तिथून तिच्या हॉस्टेलपर्यंत दोन तास. हे गुगलनं धरलं नव्हतं.
वॉर्डनबाई म्हणाली, वो तो आज सुबह की फ्लाइट से घर गई, कल सगाई है. विचारलं, किसकी? तिनं सरळ स्वरालीला फोन लावून माझ्या हातात दिला.
स्वराली म्हणाली, गोकुळ, तू हैदराबादेत? देवासारखा आलास बघ. साखरपुड्याची साडी कपाटात विसरले, आई सकाळपासून डोकं खातेय. आणशील ना? अकराचा मुहूर्त आहे.
मी का आलो ते तिनं विचारलं नाही. मी हो म्हणालो.

संध्याकाळी ६
आजचं विमान भरलेलं. बस. तेरा तास. साडीची पिशवी मांडीवर घेतलीय, वर ठेवली तर चुरगळेल. शेजारच्या काकांनी विचारलं, घरात कार्य का? म्हटलं, व्हय. पाय आखडलेत. ड्रायव्हरशी एसीवरून भांडणार होतो. राहू दिलं.

११ फेब्रुवारी, सकाळी ८
गारखेडा. दारात तोरण. स्वरालीच्या आईनं, दमयंतीकाकूंनी, उंबऱ्यावरच पिशवी घेतली आणि उघडून पाहिली. साडी होती. ब्लाउज हैदराबादेत, कपाटात. वॉर्डनबाईनं दिलं ते आणलं, मला काय ठाऊक. काकू म्हणाल्या, अरे, एवढ्या लांबून आणलंस, निदान बघून तरी घ्यायचं. कुणाच्या तरी अंगावर ओरडायचं होतं. तेवढा जीव नव्हता.
आतून स्वरालीचा आवाज आला, आई, त्याला घरी जाऊ दे, दमला असेल.
काळजी आहे तिला माझी. झोपतो.