'बिघाड नाही' असं ज्यांना कळवलं गेलं त्यांच्यासाठी

माझ्या खांद्याला खांदा लावून बचावफळीत उभे राहिलेल्या गड्यांनो, फुटबॉल लीगनं आपल्या सगळ्यांचे उपचारखर्चाचे अर्ज एकाच वाक्यानं फेटाळले आहेत: 'पूर्वीच्या तुलनेत मेंदूत बिघाड नाही.' म्हणून हे मृत्युपत्र आधी तुमच्यासाठी.

मी, ओटिस ब्रूसार्ड, राहणार ब्यूमाँट, टेक्सास, बारा हंगाम व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमधला लाइनबॅकर, म्हणजे बचावात अंगावर धडका घेणारा गडी, हे स्वखुशीनं लिहीत आहे. आज माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. पुढच्या महिन्यात तसा मिळेल याची खात्री नाही.

घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी लोरीनला. अंमलबजावणीही तीच करील. मांस भाजायची लोखंडी भट्टी मेहुणा कर्टिसला. भाजताना त्यानं घाई करू नये. दर वेळी करतो. क्लबला माझी जर्सी मैदानात टांगायची आहे. परवानगी नाही. ज्यांनी आमच्या पत्रांना उत्तर दिलं नाही, त्यांनी आमची नावं मिरवू नयेत.

अजिंक्यपदाची अंगठी व्हर्लीन पिकेटला, म्हणजे आपल्या डेल्मरच्या बायकोला. तिनं ती खुशाल विकावी.

मी त्यांच्याकडे गेलो होतो. व्हर्लीन दारातच म्हणाली, "ये रे कॅप्टन. तुझा दोस्त आज मला आई समजतोय. काल नर्स होते. बढती मिळाली म्हणायची!" मग लीगचं पत्र माझ्यासमोर धरून तिनं विचारलं, "खेळत होता तेव्हा जेवढे गुण, तेवढेच आज. म्हणजे काय रे? तेव्हाही हा असाच होता?"

उत्तर मला ठाऊक होतं.

हंगामाआधी क्लब आपली स्मरणशक्ती तपासायचा, पुढे डोक्याला मार बसला की तुलना करता यावी म्हणून. कपडे बदलायच्या खोलीत मीच नव्यांना शिकवायचो, "हुशारी दाखवू नका रे! आज ढ व्हा, म्हणजे डोकं आपटल्यावरही पास व्हाल आणि रविवारी खेळाल." डेल्मर ओरडला होता, "कॅप्टन, मला वेगळी तयारी नको!" सगळे हसलो. ते खोटे गुणच आज आपल्याला मोजायची पट्टी झाले आहेत.

लोक मला अजून भिंत म्हणतात. ऐकताना तोंड लपवावंसं वाटतं.

मी व्हर्लीनला सगळं सांगितलं. शपथपत्रही केलं. वकील म्हणाले, एकट्याचं म्हणणं आजाऱ्याची बडबड ठरेल. तुम्हाला फोन केले, तर तुम्ही म्हणालात, "जग आपल्याला फसवे म्हणेल." म्हणू दे! होतोच आपण फसवे. मी मेल्यावर माझा मेंदू संशोधकांना द्यावा; खरं काय ते तेव्हा दिसेल. पण डेल्मर आज जिवंत आहे, आणि त्याला अंघोळ घालून व्हर्लीनची पाठ गेली आहे.

माझ्या मरणाची वाट पाहू नका. येत्या सोमवारी ब्यूमाँटला, वकील हॉलिस ग्रँबर्ग यांच्या कचेरीत या, आणि 'मीही मुद्दाम चुकीची उत्तरं दिली' असं माझ्या शपथपत्रावर लिहून माझ्या नावाखाली सही करा.

सही: ओटिस ब्रूसार्ड
साक्षीदार: रेव्हरंड अमोस टिलरी, शेजारीण जुआनिता फॉक
ब्यूमाँट, टेक्सास, १४ मार्च २०२३