बाकावरची बाई

प्रिय बाबा,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर जेवणाच्या टेबलावर तुम्ही वकिली सवयीने माझी उलटतपासणी घ्याल.

आज कोर्टात ज्युरी आत निकालाचा विचार करत असताना सरकारी वकिलाने तडजोड पुढे केली: निकालाआधी गुन्हा कबूल केला तर सहा वर्षं, नाहीतर कदाचित वीस. तेवढ्यात एक साक्ष पुन्हा ऐकायला ज्युरी बाहेर आली. निर्दोष सोडणार असलेले ज्युरीतले लोक आरोपीच्या डोळ्यांत बघतात, हे तुम्हीच शिकवलंत. माझ्या अशिलाकडे, लमारकडे, एकानेही पाहिलं नाही. ते मी त्याला सांगितलं.

"मॅडम, तुमचे वडील असते तर?" त्याने विचारलं.

"ते लढले असते. जन्मभर त्यांनी तडजोड केली नाही."

"आणि तुम्ही?"

"मला भीती वाटतेय. पण निर्णय तुमचा."

"वकीलच घाबरल्यावर मी काय नाचू?" तो हसला आणि त्याने गुन्हा कबूल केला.

न्यायाधीशांनी ज्युरीला घरी पाठवलं. ज्युरीची प्रमुख मात्र बाहेर बाकावर बसून आहे. "तुझ्यासाठीच थांबलीये, पोरी," शिपाई म्हणाला.

उत्तर माहीत नसेल तर प्रश्न विचारू नये, हे तुमचंच. खटल्यानंतर ज्युरीला गाठून विचारावं, हेही तुमचंच. आज दोन्ही एकदम पाळता येत नाहीत. तुरुंगात नेण्याआधी लमार मला विचारेलच, "चुकलो का?" त्याला खोटं सांगणं मला जमणार नाही.

म्हणून तिला विचारायला जातेय. दाराच्या काचेतून ती बाई आता सरळ माझ्या डोळ्यांत बघतेय.

तुमची,
कोरिन