चौकीपुढची दोन निशाणं

अब्बा, तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली आणि एवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. आज लिहिते आहे, त्याचं कारण गेल्या आठवड्यात घडलं. तुमची चौकी आता ज्याच्या हाताखाली येते तो नवा फौजदार लोणावळ्याला आमच्या घरी आला होता. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असेल. पुण्याचा, बोलायला मऊ. अम्माने त्याला चहा दिला आणि तो तुमच्याबद्दल विचारू लागला. म्हणाला, "गावातली म्हातारी माणसं अजून सांगतात, जमादारांच्या वेळी चौकीपुढे निशाण लागायचं. यात्रेला भगवं, उरुसाला हिरवं. मला ते पुन्हा सुरू करायचंय, आणि या खेपेला दोन्ही शेजारी शेजारी. सध्या गावोगाव दंगे चाललेत, ते तुम्ही पाहताच आहात." मग जरा थांबून म्हणाला, "तुमच्या वडिलांची पद्धत म्हणूनच लावू. त्यांच्यावर झालं ते चुकीचं झालं, हे मी वर लिहून पाठवायला तयार आहे. आपण नकाशे काढता असं ऐकलं. जागा तेवढी आपण नेमून द्यावी." मी म्हटलं, आठ दिवसांत कळवते.

तुम्ही त्याला पद्धत म्हणत नव्हतात. चौकी पवन मावळात, तिकोणा पेठेकडे जाणाऱ्या वाटेवर. पुढे चार पायऱ्या आणि पायऱ्यांच्या उजव्या हाताला एक कळक, उंच बांबू, रोवलेला. चैत्रात भैरवनाथाच्या यात्रेची काठी वाजतगाजत त्या वाटेने जायची, तेव्हा त्या कळकावर भगवं चढायचं आणि तुम्ही पायरीवर उभे राहून काठीला नारळ द्यायचात. पिराचा उरूस यायचा, संदलची मिरवणूक निघायची, तेव्हा त्याच कळकावर हिरवं, आणि नारळ तसाच. एकदा तुमचे वरचे साहेब म्हणाले होते की चौकीला इंग्रज सरकारचं एक निशाण पुरे, बाकीच्यांची देवळात आणि दर्ग्यात लावावीत. तुम्ही घरी येऊन अम्माला सांगितलंत, "लोक चौकीत येतात ते मार खायला नाहीतर साक्ष द्यायला. वर्षातनं दोन दिस तरी त्यांनी आपल्या पायानं यावं." मी तेव्हा दाराआड ऐकत होते आणि मला ते फार खरं वाटलं होतं. आता दोन्ही बाजू दिसतात. त्याच वर्षांत गावात तिरंगा घेऊन पोरं निघाली, तेव्हा त्यांच्या हातातून निशाण काढून घेणारेही तुम्हीच होता. कोणतं निशाण लावू द्यायचं आणि कोणतं हिसकावायचं हे चौकी ठरवत होती. त्यावर आपण कधी बोललो नाही.

उरूस चांदावर चालतो, म्हणून दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. मी मराठी पाचवीत होते त्या वर्षी तो सरकत सरकत नेमका यात्रेच्या दिवसावर आला. एक कळक आणि दोन निशाणं. तुम्ही दोन दिवस विचार केलात आणि पायऱ्यांच्या डाव्या हाताला हिरव्यासाठी दुसरा कळक रोवायचं ठरवलंत. अम्मा चुलीपाशी बसून दोन्ही कापडं शिवत होती, एकाच मापाची. कळक मोजायचं काम तुम्ही मला दिलंत. मला आठवतं, तुम्ही शिपायाला म्हणालात, "ती मोजंल. गणितात आमची पोरगी पक्की हाय, तुज्यासारकी अंदाजपंचे न्हाई." अम्माची शिवणाची टेप घेऊन मी दोन्ही कळक जमिनीवर आडवे ठेवून मोजते आहे, एकाचं टोक अर्धं बोट जास्त निघतं, तुम्ही कोयत्याने ते उडवता. मग दोन्ही खड्डे मी मोजते, दोन्ही हातभर खोल. तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारता. आयुष्यात मला मिळालेलं पहिलं काम ते, आणि इतक्या आनंदाने मी नंतर एकही काम केलं नाही.

तेव्हाच गावकुसाबाहेरच्या वस्तीतला म्हातारा, जो चौकीची झाडलोट करायचा, खराटा टेकवून बघत उभा होता. म्हणाला, "जमादार, दोन झाली. आमचं कुटं?"

तुम्ही हसून म्हणालात, "तुमचं आना की. तिसरा कळक लावतो."

"आमी आनलं तर ह्ये दोगं लगी एक हुतील," तो म्हणाला आणि पुन्हा झाडायला लागला. शिपाई हसला. तुम्हीही हसलात. तिसरा कळक आपण कुणीच मोजला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला यात्रेची काठी आली. काठी धरलेले परंदवडीचे म्हातारे, ज्यांना तुम्ही आबा म्हणायचात, नारळ घ्यायला पुढे आले आणि वर बघून थांबले. "जमादार, हिरवं वर दिसतंय."

"सारकीच हायेत, आबा. पोरीनं मोजल्यात."

"पोरीनं मोजलं आसंल. आमाला दिसतंय त्ये सांगतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "जमादाराचीच पोरगी ती. तिच्या टेपीत हिरव्याला दोन बोटं जास्ती असत्याल." लोक हसले. अजून सगळं हसण्यावारी होतं. तुम्ही म्हणालात, शंका नको, आणि दोन्ही कळक उपसून सगळ्यांसमोर पायरीवर शेजारी ठेवलेत. नखाएवढाही फरक नव्हता. आबांनी मान हलवली. कळक पुन्हा उभे केले आणि हिरवं पुन्हा वर. "ही काय जादू हाय?" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "जादू न्हाई. जमादारकी हाय." तेव्हा कुणी हसलं नाही.

तुम्ही म्हणालात, खड्डे बदलू, हिरवं उजवीकडे आणू. तोवर दर्ग्याकडून संदलची माणसं येऊन उभी राहिली होती. त्यांच्यातले एक चाचा, आपल्याच घरी जेवून जाणारे, म्हणाले, "काल लागलेलं निशाण आज कुनाच्या सांगन्यावरनं हलतं, जमादार? आमी बी बघतोय हितं." तुम्ही दोघांच्या मध्ये उभे होता आणि दोन्हीकडे हात जोडत होता. मग एका कळकाला चार हात लागले, दुसऱ्याला सहा. हिरव्याचा कळक आबांच्या खांद्यावर पडला आणि ते खाली बसले. तुम्ही शिट्टी वाजवलीत. शिपाई काठ्या घेऊन बाहेर आले. ज्या पायरीवरून तुम्ही नारळ द्यायचात, त्याच पायरीवरून तुम्ही मारायला सांगितलंत, आणि शिपायांनी दोन्हीकडच्या लोकांना मारलं. त्यात तुम्हाला ओळखत नसलेलं एकही माणूस नव्हतं. आबांचा उजवा हात पुढे कधी खांद्याच्या वर गेला नाही.

चौकशीला साहेब आले. कळक कुणी मोजले, असं त्यांनी विचारलं. मी आतल्या खोलीत अम्माच्या पदराला धरून उभी होते. तुम्ही म्हणालात, "मीच मोजले, साहेब." भगव्याकडचे सांगत होते की जमादाराने आपल्यातल्यांना वर ठेवलं. हिरव्याकडचे सांगत होते की जमादार काठीवाल्यांना घाबरला. कागदावर पहिलंच लिहिलं गेलं, कारण तुमचं नाव तसं होतं. बदली दौंडच्या पलीकडे झाली, दंडावरची पट्टी उतरली, आणि चार वर्षांनी तुम्ही तिथेच गेलात. त्या चार वर्षांत तुम्ही मला एकदाही म्हणाला नाहीत की तुझं माप चुकलं.

माप चुकलंच नव्हतं. तुम्ही गेल्यावर मामूने मला पुण्याला नेऊन शिकवलं. ड्रॉइंग, मग ट्रेसिंग. आता मी इंजिनिअरांच्या कचेरीत घाटातल्या रस्त्यांचे नकाशे कापडावर उतरवते. पहिल्याच वर्षी आमच्या मास्तरांनी पाणसळ हातात दिली, तिच्यातला बुडबुडा मधोमध आणायला शिकवलं आणि म्हणाले, उंची जमिनीपासून मोजायची नसते, आडव्या रेषेपासून मोजायची असते, जमीन कधीच सरळ नसते. पुढच्या सुटीत पाणसळ आणि दोरी घेऊन एकटीच चौकीवर गेले. खड्डे बुजले होते, पण जागा माहीत होत्या. डावीकडची जमीन मुरूम टाकून भरलेली, म्हणून उजवीपेक्षा उंच आहे. फरक सव्वापाच इंचांचा. मी तो वहीत लिहून ठेवला. कुणाला दाखवला नाही. दाखवून काय होणार होतं? आबांचा हात वर जाणार नव्हता.

या आठ दिवसांत मी फौजदारासाठी नकाशा काढला. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना चौथरे, त्यांची माथी एका रेषेत, कळकांऐवजी लोखंडी नळ. तो नकाशा चुकणार नाही. निशाणं केसाएवढीही वरखाली होणार नाहीत. काढून झाल्यावर तिसऱ्या चौथऱ्याला जागा उरते का ते बघितलं. उरते. मग चौथ्याला. समोरच्या विहिरीपर्यंत चौथरे जातात, अब्बा, आणि तरीही कुणीतरी खराटा टेकवून उभं राहील आणि विचारेल. आणि लोक इंच विचारत नाहीत. डावं-उजवं विचारतील, आधी कुठलं चढवलं विचारतील, वारा नसला तर कुठलं लोंबलं ते विचारतील. सध्या तर विचारायच्या आधीच मारतील. काल मी फौजदाराला लिहिलं की चौकीपुढे कुणाचंही निशाण लावू नये. माझ्या वडिलांनी लावलं ते मनापासून लावलं आणि ते चुकलं, असं लिहिलं. नकाशा पाठवला नाही.

अम्माला मी पत्र वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "लावा म्हणाली असतीस तर त्यांचं नाव निघालं असतं. एवढंच एक राहिलं होतं आपल्या हातात." मी म्हटलं, "नाव निघालं असतं आणि पुन्हा कुणाचा तरी खांदा मोडला असता." ती म्हणाली, "ते बी म्हणाले असते, लाव." म्हणाला असतात, मला माहीत आहे. तिने सूप खाली ठेवलं आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. तुमच्यावरचा ठपका मी परवापर्यंत पुसू शकत होते. आता तो राहील, आणि मीच राहू दिला.

मी इतकी ठाम का आहे हे फौजदाराला लिहिलं नाही. अम्मालाही सांगितलेलं नाही. त्या दिवशी काठी यायच्या आधी, सकाळी सातच्या सुमाराला, मी तुमची भाकरी घेऊन चौकीवर येत होते. विहिरीच्या कठड्यापाशी आले आणि वर बघितलं. हिरवं वर होतं. मला ते आबांच्या आधी तीन तास दिसलं होतं. तुम्हाला सांगितलं असतं तर डावा खड्डा तुम्ही सात बोटं आणखी खोल केला असतात. दहा मिनिटांचं काम. यात्रेच्या प्रसादाला मला देवळाच्या पायरीबाहेर हात पुढे करून उभं राहावं लागायचं, त्याचा मला कधी राग आला होता असं मला तोवर माहीतही नव्हतं. मी कठड्यापाशी उभी राहिले, पुन्हा एकदा वर बघितलं, आणि मला बरं वाटलं. मग तुमच्या हातात भाकरी दिली. तुम्ही विचारलंत, "कसं दिसतंय?" मी म्हटलं, "सारखं."

तुमच्या पोटची, दोन्हीकडचे नारळ खाल्लेली अकरा वर्षांची मुलगी जर ते बघून गप्प राहू शकते, तर फौजदाराच्या चौथऱ्यांवर मी कुणाचा भरवसा धरू? हे पत्र मी घडी घालणार नाही. उद्या कचेरीत नेऊन रद्दीच्या ट्रेसिंगांत टाकणार आहे. तुम्ही समोर असता तर आजही मी "सारखं" असंच म्हटलं असतं.